पापणीच्या कडेचा ठिपका

कापडाच्या कारखान्यात तिला सगळे 'दुर्बीण' म्हणायचे. तपासणीच्या टेबलावर दुधी काच बसवलेली असे, काचेखाली दिवे, आणि वरून कापड सरकत जाई. तुटलेला धागा, तेलाचा डाग, कुठे विरळ झालेली वीण, काहीही तिच्या नजरेतून सुटायचं नाही. नुसतं "थांब" म्हणायची आणि खडूनं खूण करून मोकळी व्हायची. लग्नाचं वय उलटून चाललं तशा शेजारच्या टेबलावरच्या बायका म्हणायला लागल्या, "हिला नवरा मिळायचा कसा? समोर उभा राहिला की ही त्याच्यावर खुणा करत सुटेल." तीही त्यांच्याबरोबर हसायची.

शेवटी मिळाला तो बेकरीची गाडी चालवणारा. माणूस शांत, कामसू. पहिली बायको सोडून गेलेली, रीतसर काडीमोड झालेला, पदरात एक मुलगी. लग्नाआधी त्यानं तिला एवढंच सांगितलं, "पोरीला ऊन सोसत नाही."

तिला वाटलं, असेल. उन्हानं कुणाला पुरळ उठतं, कुणाला चक्कर येते. ती म्हणाली, "मला तरी कुठे सोसतं?"

घरात पाऊल टाकलं आणि तिला कळलं की आपण काहीच ऐकून घेतलं नव्हतं. भर दुपारी घरात पिवळे दिवे लागलेले. खिडक्यांना दुहेरी जाड कागद चिकटवलेला, दाराच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या. आतल्या खोलीत सहा वर्षांची एक मुलगी बसलेली. गालभर, नाकावर, हातांच्या पाठीवर मोहरी सांडावी तसे तपकिरी ठिपके. मधूनमधून शिवलेल्या जखमांचे पांढरे व्रण. दोन्ही गालांत खारीसारखी बिस्किटं कोंबलेली, म्हणून बापानं तिचं नाव पाडलं होतं 'खारू'. खारूनं नव्या बाईकडे नीट निरखून पाहिलं, तोंडातला घास गिळला आणि विचारलं, "तुला आई म्हणायचं का?"

"तुला काय म्हणावंसं वाटतं?"

"मावशी."

तेव्हापासून ती मावशी झाली.

बाकीचं नवऱ्यानं हळूहळू सांगितलं, तेही घरात नाही, गाडीत बसून. उन्हानं सगळ्यांचीच कातडी रोज थोडी बिघडते आणि शरीर ती रोज आतून दुरुस्त करतं. खारूच्या शरीरात ती दुरुस्तीच नाही, जन्मापासून नाही. जे बिघडतं ते बिघडलेलंच राहतं, आणि मग कुठला तरी ठिपका कॅन्सर होऊन बसतो. खारूच्या आधी एक मुलगा होता. त्यालाही हेच. आईनं त्याचं शेवटपर्यंत सगळं केलं. तो गेला, आणि थोड्याच दिवसांत खारूच्या गालावर तसाच ठिपका दिसला. त्याच आठवड्यात ती निघून गेली.

"मी तिला दोष देत नाही," नवरा स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाला. "तूही जाशील तर तुलाही देणार नाही."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी अजून पिशवी सोडली नाही आणि तुम्ही मला वाटेला लावताय!"



ती राहिली. रोज सकाळी कामावर जाण्याआधी खारूला दिव्याखाली उभी करून ती तिच्या अंगाचा इंच न् इंच बघायची. कानामागे, केसांच्या भांगात, बोटांच्या बेचक्यात. कापड तपासायचं तसंच. नवा ठिपका दिसला की इस्पितळ. तिथे कातडीच्या डॉक्टरीण बाई होत्या, केस पिकलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्या भिंगातून बघायच्या आणि बहुतेक वेळा म्हणायच्या, "तुकडा काढून तपासायला हवा." म्हणजे सुई, सुरी, टाके. तुकडा बहुधा निर्दोष निघायचा. व्रण मात्र राहायचा. आणि पुढच्या वेळी त्या व्रणाशेजारीच काही उगवलं तर ते जुनं की नवं, तेच कळायचं नाही.

शेजारणी कुजबुजायच्या. सख्खी पळाली, आता ही सावत्र पोरीला दर महिन्याला कापून आणते. मावशी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

खारू नऊ वर्षांची झाली आणि ठिपके लपवायला लागली. कानाच्या आत पावडर चोळायची, मानेवर केस ओढून घ्यायची. सकाळची तपासणी म्हणजे रोजचं भांडण झालं. "तू मला बघत नाहीस, माझे डाग बघतेस," ती एकदा म्हणाली, आणि ते खरं होतं. कितीतरी दिवसांत तिनं पोरीच्या चेहऱ्याकडे चेहरा म्हणून पाहिलंच नव्हतं.

मग तो दिवस आला. नाकावरचा एक ठिपका काळा पडला होता. सुई घेऊन आलेल्या नर्सच्या हाताला खारू कडकडून चावली. "मला कापू नका! मला मरू द्या!" असं ओरडत ती पलंगावरून उतरली, डोक्यावरची टोपी, तोंडावरचा पडदा, हातमोजे सगळं भिरकावून दिलं आणि पळाली. जिन्यावरून खाली, फाटकातून बाहेर, लख्ख दुपारच्या उन्हात.

मावशीनं पलंगावरची चादर ओढली आणि ती मागून धावली. पोर रस्त्यात मधोमध तोंड वर करून उभी होती. डोळे मिटलेले. गाड्या हॉर्न वाजवत वळसा घालून जात होत्या. मावशीनं तिच्यावर चादर टाकली, उचललं, आणि उभ्या केलेल्या दोन मोटारींच्या मध्ये तिला घेऊन जमिनीवर बसली, दोघींच्या डोक्यावरून चादर घेऊन. आत गुदमरायला होत होतं. पोर थरथरत होती.

"ऊन किती गरम असतं गं," खारू म्हणाली.

मावशीला हुंदका आवरेना. "असं का केलंस, सोन्या?"

"दादाला पण कापत होते. तरी तो मेलाच ना? आणि आई माझे डाग बघूनच गेली. मला माहितीये."

काय बोलायचं? तसं नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर जीव जाईल. मावशी नुसतं तिचं डोकं छातीशी धरून बसली. बाप गाडी घेऊन येईपर्यंत रस्त्यावरची माणसं त्या पांढऱ्या ढिगाऱ्याकडे बघत बघत जात होती. गाडीच्या मागच्या बंद कप्प्यात, पावांच्या रिकाम्या ट्रेंमध्ये बसून त्या घरी आल्या. 

पुढच्या वेळी मावशी एकटीच डॉक्टरीण बाईंकडे गेली. "आता तिला धरूनसुद्धा कापता येणार नाही, डॉक्टर. आणि मला धरवणारही नाही. दुसरं काहीच नाही का हो?"

बाईंनी हातातलं भिंग टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, "एक यंत्र आलंय वरच्या मजल्यावर. न कापता कातडीच्या आतलं दाखवतं. पेशीन् पेशी दिसते. उजेड आत सोडतं आणि जो परत येतो त्याचं चित्र करतं."

"उजेड?" मावशी उभीच राहिली. "उजेडानंच तर पोरीची वाट लावलीय!"

"तो उजेड वेगळा. उन्हातला जो भाग तिला जाळतो, तो यात औषधालाही नाही. हा अगदी मंद, डोळ्याला जेमतेम दिसेल असा. मी माझ्या पोटच्या पोराला बसवलं असतं." आणि मग त्यांनी हेही सांगितलं, "पण जादू नाही आहे, ताई. फार खोल दिसत नाही. दोन-तीन केसांच्या जाडीइतकंच. त्याच्या खाली काय चाललंय ते यंत्रालाही कळत नाही."

घरी नवरा ऐकूनच घेईना. "मुलाच्या वेळी पण दर वेळी नवीन काहीतरी निघायचं. दर वेळी आम्ही आशेनं जायचो. मला आता आशा नको."

"मग काय हवंय तुम्हाला?"

तरी ठरल्या दिवशी तो दोघींना गाडीतून सोडायला आला. वर मात्र आला नाही. गाडीतच बसून राहिला.

वरच्या खोलीत खिडकी नव्हती. यंत्र चालवणारा एक किडकिडीत चष्मेवाला होता. बोलता बोलता स्वतःच हसायची सवय. खारू दारातच अडून बसली. "इथे कोणी कापणार नाही," मावशी म्हणाली. "शपथ." खारूनं तिच्याकडे संशयानं पाहिलं. चष्मेवाल्यानं शहाणपणा केला. तो पोरीच्या वाटेलाच गेला नाही. म्हणाला, "आधी मावशींचा हात बघू." त्यानं मावशीच्या मनगटावर तेलाचा थेंब टाकला, एक चकती चिकटवली आणि त्यावर यंत्राचं नळीसारखं तोंड टेकवलं. "हलू नका. श्वाससुद्धा हळू."

पडद्यावर करडं, धुरकट काहीतरी उमटलं. मग तो खोल गेला तसं स्पष्ट झालं: एकाला एक चिकटलेल्या घरांची जाळी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. आणखी खाली गोल गोल चमकती कडी, आणि त्या कड्यांच्या मधोमध काळ्या पोकळीत काहीतरी सर्रकन गेलं. पुन्हा गेलं.

खारू कधी पुढे आली ते कुणालाच कळलं नाही. "ते काय पळतंय?"

"रक्त," चष्मेवाला म्हणाला. "मावशींचं. आत्ता, या क्षणी."

"खरंच आत्ता?"

मावशीला स्वतःच्या अंगातलं ते पळणं बघून कसंतरीच झालं. सगळं आयुष्य ती वरवरचं बघत आली होती. आत इतकी लगबग चालली असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. खारूनं बाही वर केली. "माझं पण दाखव."

त्या दिवशी नाकावरचा काळा ठिपका पहिला बघितला. डॉक्टरीण बाई पडद्याला नाक लावून बसल्या आणि मग सरळ झाल्या. "निव्वळ रंग साठलाय. काही नाही. याला हात लावायचा नाही." गालावरचा, तोही काही नाही. कानातला, तोही. दर वेळी खारू मावशीकडे वळून बघायची, जसं काही परीक्षेत पास होत होती. मावशीचे डोळे भरून आले. एवढ्या जागी सुरी लागली असती.

सगळं आवरत आलं तेव्हा बाईंनी पोरीची हनुवटी धरून चेहरा वळवला. "हे काय?" डाव्या डोळ्याच्या खालच्या पापणीच्या कडेला, पापणीचे केस उगवतात तिथेच, एक फिकट, मोत्यासारखा फोड होता. जेमतेम खसखशीएवढा. मावशीनं तो पाहिला होता. रांजणवाडीसारखं काहीतरी येतंय म्हणून तिनं त्याला मोजलंच नव्हतं. तिची नजर आयुष्यभर काळ्या डागांवर तयार झालेली. फिकट रंगाची भीती तिला कुणी शिकवली नव्हती.

चष्मेवाल्यानं छोटं, हातात धरायचं तोंड लावलं. या वेळी तो हसला नाही. पडद्यावर मधमाश्यांचं पोळं नव्हतं. पेशी लांबुळक्या झालेल्या, सगळ्या एकाच बाजूला रेटल्यासारख्या, कुणीतरी वीण मुठीत धरून ओढावी तशा. मावशीला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण डॉक्टरीण बाईंची पाठ ताठ झालेली तिला दिसली.

"हा आहे," बाई म्हणाल्या. "वरून तरी नक्की. खाली किती गेलाय ते इथून नाही दिसत."

"मग?"

"काढावा लागेल. लवकर."

खारूनं कुणाकडेच पाहिलं नाही. फक्त मावशीकडे. "तू शपथ घेतली होतीस."

आरडाओरड केली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उठली, हातमोजे चढवले, टोपी घातली आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली.

खाली गाडीत नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यानं कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. "त्याचंही डोळ्यापासूनच सुरू झालं होतं," एवढंच म्हणाला. घरी आल्यावर म्हणाला, "मी सही करतो. पण मला बघायला सांगू नकोस. मी एकदा सगळं बघितलंय."

"आणि मी काय दगड आहे?" मावशी ओरडली. "तुमची पोर, तुमचं रक्त, आणि बघायचं मी? शपथा खोट्या पाडायच्या मी? तिनं तोंड फिरवायचं ते माझ्याकडून?"

 आतल्या खोलीचं दार बंद होतं, पण दाराला कान होते हे दोघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी कारखाना सुटल्यावर मावशी घराकडे वळली नाही. पाय आपोआप बसथांब्याकडे गेले. कुठली बस ते न बघता ती चढली आणि खिडकीशी बसली. बाहेर कलतं ऊन होतं, माणसं बाजाराच्या पिशव्या घेऊन त्या उन्हातून बिनदिक्कत चालली होती. तिच्या मनात आलं, उतरायचंच नाही. बहिणीकडे जायचं, दुसरा कारखाना, दुसरं टेबल. नवऱ्यानं दोष देणार नाही असं आधीच सांगून ठेवलंय ना! पोर काय, दोनाचे तीन झाले म्हणेल, गेलेल्यांच्या रांगेत आपलं नाव घालेल. असा विचार करताना तिला स्वतःची लाज वाटली नाही, हे तिला जास्त भयंकर वाटलं. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. वाहक म्हणाला, "बाई, गाडी इथवरच." ती उतरली. थांब्यावरच्या बाकावर बसून राहिली. बहिणीकडे जाणारी बस आली, दार उघडलं, तिच्यासाठी क्षणभर थांबली आणि गेली. ती का उठली नाही ते तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. प्रेमाबिमाचा विचार तेव्हा तिच्या डोक्यात नव्हता. फक्त एवढंच आलं की उद्या सकाळी त्या पोरीच्या कानामागे कोण बघेल?

परतली तेव्हा दिवेलागण झाली होती. खारू दाराच्या आतल्या बाजूला जमिनीवर बसली होती, पायात बूट घालून.

"कुठे निघालीस?"

"तुला शोधायला. अंधार पडायची वाट बघत होते." मग तिचा बांध फुटला. "मला वाटलं तूही गेलीस. शपथेचं मी बोलले म्हणून."

मावशी चपला न काढताच खाली बसली. तिनं ठरवलं, आता या पोरीशी खोटं बोलायचं नाही. "गेले होते," ती म्हणाली. "आणि परत आले."

खारूनं बाहीला नाक पुसलं. "कापायच्या आधी मला पडद्यावर दाखवायचं. सगळं. कुठून कुठपर्यंत कापणार ते. आणि बाबांनी पण यायचं."

बाप आला. त्या बिनखिडकीच्या खोलीत तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला, तोंड पांढरंफटक. डॉक्टरीण बाईंनी यंत्रानं कडेकडेनं बघत पेनानं पापणीवर रेघ काढली: इथपर्यंत वाईट, इथून पुढे चांगलं. रेघेनं वळण घेतलं तिथे खारूनं विचारलं, "इथे वाकडं का?" बाईंनी पडद्यावर दाखवलं. अंदाजानं कापलं असतं तर पापणी अख्खी गेली असती. आता अर्धी वाचणार होती. बापानं पडद्याकडे पाहिलं आणि खारूचा हात धरला तो भूल देईपर्यंत सोडला नाही.

गाठ जेवढी दिसली होती त्याहून खोल निघाली. डोळा वाचला, पण पापणी नीट मिटेनाशी झाली. झोपताना खारूचा डावा डोळा किलकिला राहतो. मावशी त्यात मलम घालते आणि वरून ओली पट्टी ठेवते.

त्यानंतर दर महिन्याला वरचा मजला. यंत्रानं किती जागा सुरीपासून वाचवल्या आणि किती सुरीकडे धाडल्या याचा हिशेब मावशीनं ठेवला नाही. बरं काहीच झालं नाही. ओठावरचा एक काढला, कपाळावरचे काढले. खारू तेरा वर्षांची झाली तसं तिला ऐकू कमी यायला लागलं. हाही त्याच आजाराचा भाग, डॉक्टरीण बाईंनी सांगितलं, आणि त्यावर कुठलंच यंत्र नाही. आता मावशीला तिच्याशी मोठ्यानं बोलावं लागतं, आणि मोठ्यानं बोललं की भांडल्यासारखं वाटतं, म्हणून खारू चिडते.

यंदा एकदा ठरलेल्या दिवसाआधी ती म्हणाली, "या महिन्यात नको."

"काय नको?"

"बघायला नको. यंत्रानं नको, तूही नको. एक महिना मला माहीत नकोय माझ्या अंगात काय चाललंय ते."

 नाही म्हणायला तिचं तोंड उघडलं होतं. समोर पोर उभी होती, खांद्यापर्यंत उंच झालेली, एक डोळा न मिटणारा, आणि चेहऱ्यावर विनवणी नव्हतीच, नुसता थकवा होता. मावशीनं इस्पितळात फोन करून दिवस पुढे ढकलला. नवऱ्याला तिनं विचारलं नाही.

तो महिना तिनं जीव मुठीत धरून काढला. सकाळी तपासणीचा दिवा लावायची नाही. खारूशी बोलताना तिच्या केसांकडे बघायची. तरी नजर घसरायचीच, आणि घसरली की ती स्वतःचाच हात चिमटायची. संध्याकाळी ऊन गेल्यावर खारू बापाबरोबर गाडीतून भटकायला जायला लागली. एकदा दोघं नदीकाठी जाऊन आली आणि बुटांत वाळू घेऊन आली. एकदा तिनं केस बारीक कापून घेतले, मान उघडी पडली तरी, आणि आरशात बघून स्वतःवरच खूश झाली. मावशीनं मान बघितली नाही.

पुढच्या महिन्यात नाकपुडीच्या आतल्या कडेला तसलाच एक ठिपका सापडला. चष्मेवाल्यानं पडदा वळवून घेतला, मग आठवण होऊन पुन्हा खारूकडे केला. तिच्यापासून लपवायचं नाही असं ठरलेलं होतं.

बाहेरच्या व्हरांड्यात मावशीनं डॉक्टरीण बाईंचा हात धरला. "महिन्याभरापूर्वी आले असते तर?"

बाईंनी हात सोडवून घेतला नाही. "फरक पडला असता की नाही, सांगता येत नाही, ताई. खोटं कशाला बोलू?"

खारू बाकावर टोपीचा पट्टा बांधत बसली होती. तिला काही ऐकू आलं नव्हतं, पण दोघींच्या तोंडांवरून तिनं ओळखलं असावं. मावशी शेजारी येऊन बसली तशी ती स्वतःला नीट ऐकू यावं म्हणून जरा जास्तच मोठ्यानं म्हणाली, "मावशी, माझा महिना छान गेला हं."

व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. मावशीनं होकारार्थी मान हलवली आणि खारूचा सैल राहिलेला हातमोजा मनगटावर ओढून घट्ट केला.